तिसरा श्वास

बाबांनी लाल पेन्सिलीने वहीत एक उभी रेघ मारली आणि मान वर केली.

"इथे थांबायचं. एक श्वास घे, मग पुढचं वाक्य."

"बाबा, हे नाटक नाहीये."

"माहितेय गं. म्हण तू."

चिमी म्हणाली. डेडलॉक म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधल्या दोन प्रोसेस एकमेकींनी अडवून ठेवलेला रिसोर्स सुटायची वाट बघत बसतात, आपल्याकडचा कोणीच सोडत नाही आणि मग दोघीही जागच्या जागी अडकतात. इंग्रजीतली तीन वाक्यं होती, बाबांच्या वहीत ती देवनागरीत उतरलेली. चिमीकडून ऐकून ऐकून त्यांनी अशी एकशेचाळीस उत्तरं टिपून घेतली होती, आणि अक्षर असं की छापखान्याने लाजावं.

बाबा तीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. वही घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की शब्द द्यायचा. तोही लगेच नाही. आधी तीन श्वास मोजायचे, कारण तेवढ्यात बहुतेक जण आपले आपण सावरतात. नाहीच सावरला, तर असा शब्द द्यायचा की नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. "शब्द आपला, अर्थ त्याचा," असं ते म्हणायचे. कंपनी बंद पडली तेव्हा त्यांना निरोपाचं भाषण करायला सांगितलं होतं. ते जमलं नाही. स्टेजवर कधी गेलेच नव्हते ना ते!

चिमीची गोष्ट उलटी होती. घरी घडाघडा म्हणायची आणि कॅमेऱ्यासमोर बसली की दातखीळ. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अकरा मुलाखती झाल्या आणि अकराही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. कोणी कळवलं नाही. ही बारावी. नवशिक्यांसाठीच्या ज्या जागांना ती अर्ज करायची, तिथे पास होऊन दोन वर्षांच्या आतली मुलं हवी असायची, आणि तिची दोन वर्षं पुढच्या आठवड्यात संपत होती. त्यानंतर ती नवशिकी नाही आणि अनुभवीही नाही. ही गेली की संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, त्या वेळी तुम्ही खाली जाऊन बसा हं."

"जातो की. मी काय करणार इथे?"

अकराला पाच मिनिटं असताना दाराची कडी वाजली. चिमीने लॅपटॉपचा आवाज मोठा केला, पाण्याचा ग्लास लांब सरकवला आणि ओले हात मांडीला पुसले.

लॅपटॉपवर एक बाई आणि एक चष्मेवाला तरुण आला. बाई हसऱ्या होत्या. पहिले चार प्रश्न बरे गेले. चिमीला वाटलं, आज होतंय.

"बरं, डेडलॉक म्हणजे काय, सांगाल?"

हे तर सकाळीच झालेलं! चिमीने तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. लाल पेन्सिलीची रेघ दिसत होती, रेघेच्या आधीचं सगळं कोरं. तरुणाने घड्याळाकडे पाहिलं. छाती अशी धडधडत होती की ती माइकमधून ऐकू जाईल असं तिला वाटलं.

माइकमधून ऐकू गेलं ते दुसरंच. स्वयंपाकघराच्या पडद्यामागून पहिलं वाक्य आलं. हलकं, स्वच्छ, शब्द न् शब्द बरोबर.

बाईंचं हसू गेलं. "तुमच्यासोबत खोलीत कोणी आहे?"

"नाही."

"कॅमेरा जरा फिरवता का?"

चिमीने लॅपटॉप फिरवला. पडद्याखाली चपला घातलेले दोन पाय दिसत होते. मग पडदा बाजूला झाला आणि बाबा बाहेर आले, हातात वही, बोट पानात. कुठे बघावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"माझे वडील," चिमी घाईघाईने म्हणाली. "त्यांना यातलं काही कळत नाही."

एवढं इंग्रजी बाबांना कळत होतं.

"उत्तर मात्र बरोबर होतं," तरुण म्हणाला. बाईंनी आभार मानले, कळवतो म्हणाल्या, आणि चिमीने लॅपटॉप परत आपल्याकडे फिरवला तेव्हा त्यावर तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

तिने लॅपटॉप मिटला. मग बाबा समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

"खाली जात होतो मी. कडी काढली, आणि पाय निघेना. तीन श्वास मोजले गं. अगदी मोजून." वही त्यांनी मांडीवर टेकवली. "तुझं वाटोळं केलं मी."

चिमीला ओरडायचं होतं, ती वही फाडून खिडकीतून फेकायची होती. पण बाबांचे पाय अजून चपलांतच होते, आणि त्या चपलांकडे बघून तिला नुसतं रडू यायला लागलं.

"नाही बाबा. मला उत्तर यायला हवं होतं."

"खोटं नाही बोललीस. मला कुठे काय कळतं!" बाबांनी बाहीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. तिला बोलतं करावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "वर्ष झालं लिहितोय, पण काय असतं गं ते डेडलॉक? इंग्रजीत नको. मला कळेल असं सांग."

चिमीने नाक पुसलं. ओठांवर इंग्रजीतलं पहिलं वाक्य आपोआप आलं. ते तिने गिळलं. प्रोसेस म्हणजे... रिसोर्स म्हणजे... पुन्हा तेच वाक्य आलं, त्याच जागी श्वास घेऊन. त्याच्या मागे हात घालून बघावं तर काहीच नव्हतं. दोन वर्षं ती हे म्हणत होती, अर्थ न कळता.

ती बाबांकडे बघत राहिली.

बाबा थांबले. एक श्वास झाला. दुसरा झाला. वही त्यांच्या मांडीवर होती आणि बोट अजून त्याच पानात.

तिसरा श्वास झाला, तसं त्यांनी बोट काढून घेतलं आणि वही मिटली.