डोक्याकडची दोरी

एफीने किटली उचलली आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कपांत चहा ओतायला सुरुवात केली. शवपेटी खिडकीजवळ होती. झाकणावर आठ दोऱ्यांची वेटोळी ठेवलेली. अमेरिकेतल्या कर्नी गावातल्या स्कॉटिश घरांत पेटी खड्ड्यात उतरवतात ती दोऱ्यांनी, आणि कुठली दोरी कुणी धरायची हे घरातून निघण्याआधीच ठरतं. डोक्याकडची थोरल्या मुलाची. पेटीतल्या टॅम गिल्क्रिस्टला मुलगा नव्हता. मुलगी होती, एफी; पण बायका दफनभूमीत जात नसत. त्या घरी थांबून माणसं परतायच्या आत पाव कापून ठेवत.

"पायाकडची मला द्या," आर्ची म्हणाला. तो टॅमच्या फुटबॉल संघात उजवीकडून खेळायचा. "जन्मभर टॅमच्या पायांकडेच बघत पळलो."

"पळलास कधी तू? उभाच असायचास," डूगी म्हणाला. तो गोलरक्षक. त्याच्या पंजात कप खेळण्यातला वाटत होता.

"तुझ्यापेक्षा बरा. तू झेप घ्यायचास ती चेंडू जाळ्यात जाऊन बसल्यावर."

"डूगीकाका, साखर?" एफीने विचारलं.

"घाल, पोरी. डॉक्टर इथे नाही."

ती हसली, आणि हसल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. झोप झालेली नव्हती. सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. खिडकीबाहेर दलदलीवरचं धुकं गल्लीपर्यंत चढलं होतं. त्या धुक्यात, चुन्याच्या रेघेवरून, एक तरुण माणूस चेंडू पायाला चिकटवून पळत गेला. तिने आईच्या खांद्यावर बसून बापाला पाहिलं होतं, तसाच. स्कॉटलंडमधल्या पेस्लीहून त्याला बोलावून घेतलं होतं ते सुताच्या गिरणीत कामाला, असं कागदावर. खरं म्हणजे गिरणीच्या संघात डाव्या बगलेवर खेळायला. शनिवारी सगळी वस्ती मैदानावर लोटायची. तेव्हा ट्राममध्ये त्याला कुणी तिकीट काढू देत नसे. मग मंदी आली, संघ एकेक करून मोडले, आणि उरलेलं आयुष्य त्याने लिनोलियमच्या कारखान्यात जमिनीवर अंथरायच्या गुंडाळ्या ढकलल्या. तिथल्या अमेरिकन पोरांचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचं; ती विचारायची, "फुटबॉल खेळायचास? मग तुझं हेल्मेट कुठाय?" तो म्हणायचा, "घरी विसरलो."

"डोक्याकडची मी धरतो," वॉल्टर म्हणाला. टॅमचा पुतण्या, डेट्रॉइटहून सकाळीच आलेला. "जवळचा पुरुष मीच. रीतच आहे ती."

पाद्र्याने मान डोलावली. वॉल्टर भला माणूस होता. दर नाताळला न चुकता कार्ड पाठवायचा. काकाचा खेळ त्याने कधी पाहिला नव्हता.

एफीच्या हातून चहा बशीत सांडला. ती दोरी तिला हवी होती. पण हे बोलायचं कुणापाशी, आणि कुठल्या तोंडाने? तिने बशी पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

डूगी तिच्या हातांकडे बघत होता.

"आमच्या वेळी बदली खेळाडू नसायचा, वॉल्टर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"एखादा पडला की पडला. त्याच्या जागी दुसरा यायचा नाही. चषकाच्या अंतिम सामन्यात टॅमच्या गळ्याखालचं हाड मोडलं. हात शर्टात खुपसून शेवटपर्यंत डावीकडे उभा राहिला."

"आणि वर ओरडत होता, चेंडू द्या म्हणून," आर्ची म्हणाला.

"तू माझ्यासमोरची धर," डूगी वॉल्टरला म्हणाला. "डोक्याकडची मोकळी राहू दे; तिलाही बदली नको. आपण सातजण पुरे आहोत."

वॉल्टरने पाद्र्याकडे पाहिलं. पाद्री टोपी उचलून दाराकडे निघाला.

माणसं पेटी घेऊन गेली. एफीने पाव फळीवर ठेवला, सुरी घेतली. एक काप पाडला आणि सुरी खाली ठेवली. मग तिने एप्रन सोडला आणि कोट चढवला.

दफनभूमीत धुकं गुडघ्यापर्यंत होतं. सातजण आपापल्या जागी उभे होते. पाद्र्याने तिला पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा पुस्तकात नजर घातली. बाकी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. डोक्याकडची दोरी ओल्या गवतावर पडली होती. डूगीने समोर बघत, बुटाच्या टोकाने, ती तिच्या दिशेला सरकवली.

"उभ्या जन्मात पहिला नीट पास दिलास," आर्ची पुटपुटला.

ती पुढे झाली, वाकली. दोरी ताणली गेली आणि वजन तळव्यांत आलं.

"हळूहळू सोड, पोरी."

पेटी धुक्यात उतरली. तळाला टेकल्यावर रीतीप्रमाणे एकेकाने आपली दोरी आत टाकली. एफीची अजून तिच्या हातातच होती. सगळे टोप्या हातात धरून उभे राहिले. कुणीही तिला घाई केली नाही.