सहाची वंदना

बुधाजी अकोल्याच्या बसस्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी शिट्टी वाजवली की गाडी हलायची म्हणजे हलायची, मागून कोणीही धावत येवो. एकदा त्यांची स्वतःची बायको, मैनाबाई, पिशव्या सावरत धावत आली होती. मैनाबाईंच्या धाकट्या बहिणीचं, ललिताचं, हिवरखेडला लग्न होतं. दोनच मिनिटं उशीर झाला होता. "नियम सगळ्याईले सारखा," म्हणत बुधाजींनी शिट्टी फुंकली. पुढच्या गाडीने मैनाबाई पोचल्या तेव्हा लग्न लागून पंगत बसली होती. बुधाजी हे केव्हाच विसरले. मैनाबाई कशाला विसरतात!

निवृत्तीनंतर मुलाच्या, सुगतच्या घरात बुधाजींच्या घड्याळाला कोणी विचारेना. सातला चहा म्हटलं तर आठ वाजत. तेव्हा अमरावतीच्या धम्मप्रचार समितीने केंद्रं चालवायला ज्येष्ठ जोडपी मागितली, तसा बुधाजींनी सगळ्यांच्या आधी अर्ज टाकला. नेमणूक मिळाली चिखलदऱ्याची. जिल्ह्याच्या पार उत्तरेला, डोंगरावर आणि तीही ऐन थंडीत.

सामान भरताना बुधाजींनी टेम्पोत पहिल्यांदा कूलर चढवला.

"अवो, थंडीत कूलर?" मैनाबाईंनी कपाळाला हात लावला.

"थंडी काय जन्मभर राहते? मे महिन्यापर्यंत राहाचं हाय आपल्याले."

अकोल्याचा माणूस. कूलर नसलेल्या घराला तो घरच मानत नाही. टेम्पो वर पोचला तेव्हा शेजारच्या पार्बताबाई काठी टेकत नवीन पाहुणे पाहायला आल्या आणि कूलरच पाहत उभ्या राहिल्या. "बाबूजी, इथं मे महिन्यात बी आमी रात्री गोधडी घेतो," त्या म्हणाल्या. बुधाजी तोवर दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून बसले होते, त्यामुळे त्यांना नीट ऐकू आलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर खडूने लिहिलं: 'वंदना सकाळी ६.००. उशिरा येणाऱ्यांनी उद्या यावे.'

सहाला आल्या त्या एकट्या मैनाबाई, कारण त्या घरातच होत्या. बुधाजींचे दात असे वाजत होते, की त्रिशरण तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलं. लोक यायचे सव्वासहाला, सहा-वीसला. तोवर वंदना आटोपलेली असे. पार्बताबाईंचे गुडघे थंडीत आखडायचे, त्या सगळ्यांत शेवटी पोचायच्या. "उद्या लवकर या," बुधाजी सांगायचे. दोन दिवस त्या आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

महिन्याने समितीच्या चंद्रभान यांचा फोन आला. "पौष पौर्णिमेले मी येऊन राहिलो. दहा माणसं बी जमत नसतील तं केंद्र बंद करू. तुमी घरी आराम करा."

आराम! या एका शब्दाने बुधाजींचं तोंड उतरलं. सुगतच्या घरात खुर्चीवर बसून भिंतीवरचं घड्याळ पाहत राहायचं, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

"लोकाईसाठी थांबा ना मंग थोडं," मैनाबाई म्हणाल्या.

"मी कोणासाठी थांबलो हाय आजवर?"

"तेच तं म्हणून राहिली मी."

पौर्णिमेच्या सकाळी मैनाबाईंनी कूलर ओढत अंगणात आणला, त्याच्या जाळीतलं वाळलेलं गवत उपसलं आणि काटक्यांखाली घालून झकास शेकोटी पेटवली. बुधाजी बघतच राहिले. पण ऊब त्यांनाही हवी होती, म्हणून तेही शेकोटीजवळ सरकले. ओसरीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली. चंद्रभान आले, चौघेजण आले आणि सगळे हात शेकत बसले.

सहा वाजले. बुधाजींचा हात सवयीने खिशातल्या शिट्टीकडे गेला. तेवढ्यात खालच्या चढावर टॉर्चचा उजेड हलला. पार्बताबाई काठी टेकत येत होत्या. त्यांना मागे टाकायचं नाही म्हणून सून पिंकी आणि तिच्यामागे पाच-सहा जण त्यांच्याच चालीने चढत होते.

"सहा झाले, बुधाजी," चंद्रभान म्हणाले. "तुमचा नियम..."

"थांबा," बुधाजी म्हणाले. "सवारी येऊन राहिली."

आणि ते स्वतः चढ उतरून गेले. पार्बताबाईंचा हात धरून, त्यांच्या पावलाला पाऊल लावत वर आले. वंदना सुरू झाली तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ओसरी भरली होती. चंद्रभान यांनी माणसं मोजलीसुद्धा नाहीत.

वंदनेनंतर सगळे चहाला गुंतले, तेव्हा मैनाबाई शेकोटीजवळ बसून हळूच म्हणाल्या, "बारा मिनिटं थांबली आज गाडी. माहे तं दोनच मिनिटं होते."

बुधाजींनी माकडटोपी काढून हातात घेतली. इतकी वर्षं विसरलेली, पिशव्या सावरत धावणारी ती मैना त्यांना लख्ख दिसली.

"थांबवाले पायजे होती वं मी," ते म्हणाले. "चुकलंच माहं."

कूलरच्या गवताची उरलेली मूठ मैनाबाईंनी शेकोटीत टाकली आणि थोडं सरकून त्यांना बसायला जागा केली.