सहावा दिवा

जिन्याखाली मांडी घालून बसलेल्या टेक्निशियन बाईंनी पत्र्याच्या पेटीचं झाकण काढलं, आत टॉर्चचा उजेड टाकला आणि हाक मारली,

"काका, आता पुढचं दार उघडा."

मोजणीदारांनी पुढचं दार उघडलं.

"एक नंबर. लावा आता. पुढची खिडकी."

असं करत पाच झाले. पुढचं दार, दोन खिडक्या, स्वयंपाकघराचं दार आणि गच्चीचं. गच्चीवरून उतरेपर्यंत मोजणीदारांना धाप लागली, पण त्यांनी ती दाखवली नाही. प्रत्येक चौकटीत एक सेन्सर होता, त्याच्यासमोर दारावर लोहचुंबक, आणि तिथून भिंतीतून पेटीपर्यंत आलेली वायर. दार उघडलं की पेटीशेजारच्या कीपॅडवर त्या नंबरचा लाल दिवा लागायचा, बंद केलं की विझायचा. वीस वर्षांपूर्वीची व्यवस्था, पण आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेल्या या माणसाने ती जिवापाड जपली होती.

ही जुनी पेटी आज वायफायला जोडायची होती. परगावी असलेली मुलगी महिनाभर हात धुऊन मागे लागली होती. "बाबा, सायरन तिथल्या तिथे बोंबलणार आणि तुम्ही कानातलं मशीन काढून झोपलेले असणार. मला इथे फोनवर कळलं पाहिजे. हे तरी करा, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे चला." घराला कुलूप लावणं त्यांना मंजूर नव्हतं, म्हणून हे मंजूर झालं.

जाड भिंतींमुळे जिन्याखाली वायफाय पोचत नव्हतं. बाईंनी त्यासाठी तीन पांढऱ्या डब्या आणल्या होत्या. एक बैठकीत, एक स्वयंपाकघराच्या दारापाशी, एक जिन्याच्या वळणावर. पहिलीने दुसरीला हाक द्यायची, दुसरीने तिसरीला, आणि तिसरीने पेटीला, असं बाईंनी समजावलं. मोजणीदारांना ते चटकन पटलं. माळरानावर मोजणीची साखळी धरून उभी केलेली त्यांची माणसं दुसरं काय करायची?

"सहावं कुठे आहे?" बाईंनी आतून विचारलं.

"सहावं नाही."

"पेटीत सहा वायरी आहेत, काका. सहावी जिवंत आहे, मीटर दाखवतोय. कुठलं तरी दार आहे आणि आत्ता ते बंद आहे."

मोजणीदार जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला.

"ते पलीकडचं आहे," ते म्हणाले. "भिंतीपलीकडचं. माझ्या धाकट्या भावाचं मागचं दार."

घर पूर्वी एकच होतं. गल्लीत चोरी झाली तेव्हा दोघा भावांनी मिळून ही पेटी बसवली होती. आई गेली आणि वाटणी झाली. घरात मोजणीदार असताना बाहेरचा कशाला, म्हणून मोजणी थोरल्यानेच केली. रेषा अगदी मधोमध आखली, त्यात सूतभरही चूक नव्हती. मग भिंत उभी राहिली, नऊ इंची, आणि ती सगळीच्या सगळी रेषेच्या पलीकडे, धाकट्याच्या वाट्यात. "दादा, साडेचार इंच तुझ्याकडचे नकोत का?" धाकट्याने विचारलं होतं. "रेषेला जाडी नसते," असं हे म्हणाले होते. मोजणीच्या हिशेबाने ते खरंही होतं. शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने बाजूच्या गल्लीत स्वतःचं वेगळं दार पाडलं, परसातही पुरुषभर उंच भिंत घातली, आणि अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. साडेचार इंचांत धड झाडूही उभा राहत नाही. आपलं चुकलं हे मोजणीदारांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, फक्त ते बोलून दाखवणं जिवावर आलं होतं, आणि दिवस गेले तसं जास्तच जिवावर येत गेलं.

नळ वेगळे झाले, विजेचे मीटर वेगळे झाले. ही एक वायर तेवढी तोडायची राहून गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"रोज दिसतं की. सकाळी सहा-दहाला तो मागच्या दाराने परसात जातो. दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो."

एवढंच ते बोलले. बायको गेल्यापासून त्या वेळेला आपण याच पायरीवर येऊन बसतो, हे त्यांनी सांगितलं नाही. दिवसचे दिवस त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं, मुलीचा फोन रविवारी यायचा. फार एकटं वाटायचं. पण सहावा दिवा लागला की घरात कुणीतरी उठलंय असं वाटायचं, आणि मग दात घासावेत, अंथरूण आवरावं, असं एकेक सुचायचं. एकदा चार दिवस दिवा लागला नव्हता. चारही दिवस मोजणीदारांनी दाढी केली नाही. पाचव्या दिवशी तो लागला तेव्हा पायरीवरून उठून ते दाढी करायला गेले.

बाई जिन्याखालून बाहेर आल्या आणि गुडघे झटकत म्हणाल्या,

"हे मला असं जोडता येणार नाही, काका. आजवर नुसता दिवा लागत होता. आता दार कधी उघडलं, कधी लागलं, सगळं फोनवर नोंदलं जाणार, तुमच्या मुलीलाही दिसणार. दुसऱ्याच्या घरातलं दार आहे ते. एक तर त्यांची परवानगी, नाहीतर वायर तोडायची."

"ती तेवढी तशीच राहू द्या. दिव्यापुरती."

"नव्या जोडणीत सगळ्या एकदमच जातात. एकच मागे ठेवता येत नाही."

मोजणीदार कीपॅडकडे बघत राहिले.

"मी विचारून येऊ त्यांना?"

"नको. तोडून टाका."

बाईंनी पक्कड हातात घेतली, वायर पकडीच्या दातांत धरली, आणि सोडून दिली.

"तोडायची असली तरी त्यांना सांगावं लागेल. त्यांच्या चौकटीतला सेन्सर काढायला हवा. आलेच मी."

त्या गेल्या. मोजणीदार तिथेच बसून राहिले. त्यांनी भिंतीला कान लावून पाहिला, पण भिंत बांधताना कुठे कसर ठेवलेली नव्हती, काही ऐकू आलं नाही. एवढ्यात सहावा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. दार बाईंनी उघडलं की त्याने, हे कळायला मार्ग नव्हता. आत्ता तो दाराशी उभा असेल, केस पांढरे झाले असतील, हे मात्र त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी आपल्याच केसांवरून हात फिरवला.

बाई परत आल्या त्या थेट पेटीसमोर जाऊन बसल्या.

"भेटला?"

"भेटले." त्यांनी पक्कड पिशवीत टाकली. "काका, ते रोज मागच्या दाराने परसात जातात म्हणालात ना?"

"जातो. सहा-दहाला."

"जाताच येत नाही तिथून. दाराला लागून पाण्याची टाकी बांधलीय, सिमेंटची. सात वर्षं झाली म्हणे. दार वीतभर उघडतं आणि टाकीला अडतं. मांजरसुद्धा अंग चोरून जाईल. परसात जायला त्यांनी स्वयंपाकघरातून दुसरी वाट काढलीय."

मोजणीदारांनी दोन बोटं पायरीच्या कडेवर ठेवली, जणू काही मोजत होते.

"मग उघडतो कशाला?"

"मी नाही विचारलं. त्यांनीच मला विचारलं." बाईंनी मान वर केली नाही. "म्हणाले, दादाकडे दिवा लागतो ना अजून?"

मोजणीदारांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला. सात वर्षांच्या सकाळी किती होतात, हे त्यांच्यासारख्या माणसाला एरवी तोंडी सांगता आलं असतं. आता आकडा काही केल्या जुळेना.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हणाले, लागतो. मग ते म्हणाले, परवानगी आहे."

"ताई," मोजणीदारांनी विचारलं, "हे उलट्या बाजूने होतं का? माझं दार उघडलं तर तिकडे त्याला..."

"होतं की. एक डबी त्यांच्याकडे ठेवायची, आणि त्यांच्या फोनवर तुमचं दार दाखवायचं. फक्त मग तुमचीही परवानगी लागेल. एकाच कागदावर दोघांच्या सह्या." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "द्या सही, मी त्यांची घेऊन येते."

मोजणीदारांनी कागद घेतला, पण त्यावर सही केली नाही. ते उठले, आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. मधलं एक बटण चुकलं होतं. पायांत चपला सरकवून ते दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबून मागे वळले.

"बाजूच्या गल्लीतून ना?"

"हो."

"बेल कुठल्या हाताला आहे?"