सकाळची पुडी

ताईशी मी कित्येक महिने भांडले, आणि तेही हक्काने. औषधांच्या दुकानात काउंटरमागे माझी वीस वर्षं गेली. गोळ्यांबद्दल मला शिकवायला कुणी येत नाही.

ताई कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. शर्टाच्या कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि खडूच्या रेघेवरून मशीनचं पातं फिरवायचं. हात चुकला तर एक नाही, चाळीस शर्ट जातात. तिचा कधी चुकला नव्हता. मग थायरॉइड मंदावलं. भर उन्हात तिला थंडी वाजायला लागली, आवाज घोगरा झाला, आणि जिन्यात मध्येच थांबून ती विचारायची, "मी वर चालले होते का खाली?"

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन महिन्यांत ताई पहिल्यासारखी तोंडाळ झाली आणि आमच्या जिवात जीव आला. पण पुढे गाडी पुन्हा घसरली. रक्त तपासलं की टीएसएचचा आकडा वरच, म्हणजे थायरॉइड मंदच. पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी शंभरची झाली, शंभरची सव्वाशेची, तरी फरक नाही. शेवटी डॉक्टरांनी मलाच विचारलं, "घेतात ना त्या नक्की?"

घरी येऊन मी तिला फैलावर घेतलं. "आयत्या पुड्या बांधून देते, त्या तोंडात टाकायचाही कंटाळा?"

"अगं, रोज घेते."

"मग आकडा काय माझा वाढलाय?"

पुड्या ही माझी खासियत. ज्यांना गोळ्यांचा घोळ होतो त्या गिऱ्हाइकांना मी आठवड्याच्या पुड्या करून देते, वर तारीख आणि वेळ लिहून. ताईच्याही तशाच.

सोमवारी ताईने चाळीसच्या चाळीस थर बोटभर आत कापले. मालक भला माणूस, ओरडला नाही. "बाई, एक तारखेपासून बटणांच्या टेबलावर बसा," म्हणाला. "निवांत काम आहे." त्या 'निवांत'ने ताई खचली. घरी येऊन तिने खिशातला खडू ओट्यावर ठेवला आणि न जेवता झोपली. मला तिची कीव आली नाही, रागच आला.

काल दुपारी दुकानात मी तिच्या पुड्या भरत होते. समोर एक बाई आली, थायरॉइडची पहिलीच चिठ्ठी घेऊन. माझे हात पुडीत, तोंड गिऱ्हाइकाशी. "उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आणि लोहाची, कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी घ्या हं. एकत्र घेतली तर ही अंगी लागतच नाही."

माझ्या हातातल्या पुडीत तीन गोळ्या होत्या. थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची. ताईचं रक्त कमी निघालं तेव्हा या दोन मागून वाढल्या. चिठ्ठीवर 'सकाळी' लिहिलं होतं, म्हणून मी त्या 'सकाळ'च्या पुडीत टाकल्या. दहा महिने रोज टाकत आले.

पहिला विचार आला तो सांगायचीही लाज वाटते. गुपचूप पुड्या वेगळ्या कराव्यात. कोणाला कळणार होतं? पण सव्वाशेची गोळी एकदम पुरती लागू झाली असती तर ताईची छाती धडधडायला लागली असती. डोस डॉक्टरांनीच ठरवायला हवा होता. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हे मीही विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "सध्या पुन्हा पंचाहत्तरवर या. सहा आठवड्यांनी रक्त बघू."

घरी ताईसमोर बसून सगळं सांगितलं. ती उठली. आत जाऊन बिस्किटांचा डबा घेऊन आली. आत रिकाम्या पुड्या, तारखेवार रचून रबर लावलेल्या.

"तू ओरडायचीस ना, मग वाटायचं, डोकं चालत नाही, खरंच विसरत असेन," ताई म्हणाली. "म्हणून रोज मोजायचे. एकही कमी नाही ना गं?"

"नाही ताई. एकही नाही."

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही.

"उद्या कारखान्यात चल," ती म्हणाली. "मालकांना हे तुझ्या तोंडाने सांग."

"येते. आणि पुढच्या पुड्या आता मी नीट वेगळ्या..."

"नको," ताई म्हणाली. "त्या मी बांधेन."