मालकानं हात लावायचा नाही

आमच्या दादाला बाबांची गाडी एका हॉटेलवाल्याला द्यायची होती. चालवायला नाही, मांडायला. हॉटेलच्या दालनात ती उभी करायची, पोटातलं इंजिन काढून टाकायचं, आत रंगीत दिवे सोडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्या दाराला टेकून फोटो काढायचे. ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हातातली कात्री मी टेबलावर आपटली. पण गाडी निम्मी त्याची, निम्मी माझी. बाबा तसं सांगूनच गेले होते, त्यामुळे त्याला चालता हो म्हणायची सोय नव्हती.

"बंद घड्याळसुद्धा लोक भिंतीवर शोभेला ठेवतातच की," दादा म्हणाला.

"बंद नाहीये ती."

"मग टेकडीवर चढवून दाखव. मी आत बसतो. वरपर्यंत पोचली तर ठेव तुझ्याकडे. नाही पोचली तर ती हॉटेलात जाईल, आणि तू रडायचं नाहीस."

मी हो म्हणून बसले. जित्याची खोड, दुसरं काय.

आता आमच्या टोळक्याबद्दल सांगायला हवं. जुन्या, भारी, लांबलचक गाड्यांचे आम्ही चार वेडे. बोटीवरून निवृत्त झालेले कप्तान, बेकरीवाली ताई, पोट सांभाळत चालणारे वकीलसाहेब आणि शिवणाचं दुकान चालवणारी मी. रविवारी एकाच्या दारात जमायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या गाडीचं काम करायचं. मी सगळ्यांच्या गाड्यांच्या गाद्या आणि छताचे कापडी टप शिवते, कप्तान इंजिन बघतात, ताई पत्रा घासते, वकीलसाहेब सल्ले देतात आणि कधीमधी पानाही देतात. नियम एकच: आपल्या गाडीच्या इंजिनाला मालकानं हात लावायचा नाही. हा नियम कप्तानांमुळे आला. स्वतःच्या गाडीचा एक बोल्ट त्यांनी मायेनं इतका आवळला, इतका आवळला, की त्याचं डोकंच तुटून हातात आलं. माया असली की हात जड होतो, हे आम्हाला तेव्हा पटलं.

दादाला हा नियम माहीत होता. त्यानं लगेच पुस्ती जोडली, "तुमच्या नियमानंच चढायची हं. तू इंजिनाला हात लावलास की पैज गेली." त्याला वाटलं, या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातून काय होणार. मनात म्हटलं, थांब लेका.

टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी आमचा दरवर्षीचा मेळावा असतो. चारही गाड्या रांगेत चढतात, वर चहा होतो, लोक बघायला येतात. त्याच दिवशी न्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी कप्तान गाडी तपासायला आले आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप फाटला होता. आतला रबरी पडदा पार चिरलेला. त्या पंपाचा कारखाना कधीच बंद झालाय. कप्तानांनी रुमालाला हात पुसले आणि ते निघून गेले. मी जेवले नाही. खोटं कशाला सांगू, गाडीच्या मागच्या सीटवर बसून रडले.

सकाळी कप्तान आले ते रिक्षानं. गंजीफ्रॉकात गुंडाळलेला एक पंप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "माझ्या गाडीचा काढवून आणलाय. त्या काळी निम्म्या गाड्यांना हाच असायचा. माझी गाडी राहिली घरी, मेळाव्याला बाकीच्या दोघांच्या आहेत की."

एवढ्यात बेकरीवाली ताई चालत आली. हातात केकचा खोका. खोक्यात पंप.

"तुला कुणी सांगितलं?" कप्तान म्हणाले.

"तुम्हीच काल फोनवर हळहळलात. म्हटलं, माझी गाडी एक दिवस नाही चढली तर काय आभाळ कोसळतंय?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय तोच घाम पुसत वकीलसाहेब आले, बसनं. बॅगेतून फाइल काढावी तसा त्यांनी पंप काढला. मला हसावं का रडावं कळेना. एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. नियम म्हणजे नियम, म्हणून आपापला पंप काढायला ज्यानं त्यानं शेजारपाजारचं कुणीतरी गाठलं होतं. टेबलावर तीन पंप, आणि तीन घरी तीन गाड्या ठप्प.

दादा आला, सगळं ऐकलं आणि पोट धरून हसला. "म्हणजे मेळावा एका गाडीचा? आणि तुम्ही सगळे जाणार कशातून?"

"हिच्यातूनच," ताई म्हणाली आणि दार उघडून आत बसलीसुद्धा.

कप्तानांनी स्वतःचा पंप बसवला. मी चालवायला, शेजारी कप्तान, मागे ताई, वकीलसाहेब आणि दोघांच्या मध्ये चेपलेला दादा. उरलेले दोन पंप ताईच्या मांडीवर. गाडी निघाली तशी रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बाबांच्या वेळी यायचा तोच जाड, खर्जातला आवाज.

निम्मी टेकडी झाली आणि तिनं ठसका दिला. मग दुसरा. पहिला गिअर टाकला, लाडीगोडी लावली, शिव्या दिल्या. वळणावर ती थांबली ती थांबलीच.

कप्तानांनी बॉनेट उघडलं. "माझाच पंप दगा देऊन गेला," ते म्हणाले, आणि एवढासा चेहरा करून उभे राहिले.

"दुसरा बसवा," मी म्हटलं.

तिथंच घोडं अडलं. घरी ऐसपैस जागेत, खालून शिरून बसवलेला पंप. इथं उतारावर गाडीखाली जायची कुणाची छाती? वरूनच, धुराच्या नळीमागून हात घालून, न दिसणारे बोल्ट चाचपून काढायचे होते. कप्तानांची बोटं वळेनात. ताईचा पीठ मळून कमावलेला दंड नळीपाशीच अडला. वकीलसाहेबांचं पोट आधी पोचायचं, हात नंतर. माझा हात काडीसारखा, सहज गेला असता. मी बाही वर केली.

"हां," दादा म्हणाला. "पैज."

मी बाही खाली केली. रागानं दादाकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो इंजिनाकडे बघत होता. लहानपणी बाबांना पाना द्यायला तोच उभा असायचा, मी नाही. हात माझ्यासारखेच लांब, बारीक. बाबांचेच.

"दोन बोल्ट आहेत," तो हळूच म्हणाला. "मागचा उलट्या बाजूनं पकडावा लागतो. बाबा डोळे मिटून काढायचे." आणि त्यानं कोट काढला.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी एवढा मोक्याचा मुद्दा मांडला नसेल. "मालकानं हात लावायचा नाही. नियमानंच चढायची, ही अट तुमचीच. तुम्ही निम्मे मालक. हात लावलात तर पैज तुम्ही मोडली. नाहीतर मग तुम्ही मालक नाही. काय ते आत्ताच ठरवा."

दादा कोट हातात धरून उभा राहिला. नुसता उभा राहिला असता तर पैज त्यानं जिंकली असती. मी त्याला भरीला घातलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटणार नाही.

त्यानं कोट माझ्या खांद्यावर टाकला. "तर मग नाही मी मालक," तो म्हणाला, आणि डोळे मिटून कोपरापर्यंत हात आत घातला.

ताईचा पंप बसला. गाडीनं एक आचका दिला आणि गुरगुरायला लागली. शेवटच्या चढाला सगळे उतरतो म्हणाले. म्हटलं, गप्प बसा जागेवर, बाबांनी यापेक्षा जास्त माणसं नेलीत. पहिल्या गिअरमध्ये, सगळ्या वजनासकट, न थांबता ती चढली. टाकीपाशी माणसांची ही गर्दी. त्यांनी रस्ता करून दिला आणि टाळ्या वाजवल्या. कप्तान गाडीतच ताठ बसून सलाम घ्यायला लागले. वकीलसाहेबांचं आपलं एकच: उतरताना माझा पंप लावा, त्यानं काय घोडं मारलंय?

हॉटेलवालाही आला होता, मोजपट्टी घेऊन. तो सरळ दादाकडे गेला.

"मला नका विचारू," दादा म्हणाला. "मालकीण ती आहे."

माझ्यानं राहवलं नाही. त्याला बाजूला नेलं आणि म्हटलं, "दादा, वाईट नाही ना वाटत?"

तो काळेकुट्ट झालेले हात बघत होता. पुसायला फडकं दिलं तर घेईना.

"उलट बरं झालं," तो म्हणाला. "मालक होतो तोवर हिला हात कुठं लावता येत होता? रविवारी किती वाजता येऊ?"

"उजाडल्याबरोबर ये," मी म्हटलं. "आणि हा कोट घालून येऊ नकोस."