अस्तराच्या आतलं

तिला घरात आणि दुकानात सगळे उचापत म्हणायचे, आणि ती चक्क ओ द्यायची, तीही मान ताठ करून. का नाही द्यायची? यंदा तिने जी उचापत केली होती, तिची तारीफ समोरच्या औषधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या खडूस घरमालकिणीपर्यंत पोचली होती. पंधराव्या वर्षी, कोणीही न शिकवता, तिने आईच्या शिवणाच्या दुकानाची वेबसाइट उभी केली होती.

तोवर सगळा कारभार आईच्या वहीत असे, आणि ती वही म्हणजे एक कोडंच. त्यात एकाही गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी दाढ, बँकेतल्या काकूंसाठी कुलूप, शाळेतल्या गणिताच्या बाईंसाठी त्रिकोण. चित्राखाली मापं. माप घेतानाही आई आकडा कधी मोठ्याने बोलायची नाही. टेप गुंडाळायची, वाकून बघायची आणि उचापतीच्या कानात पुटपुटायची. पडद्याबाहेर बसलेल्या बाईला आतल्या बाईची कंबर कळता कामा नये, हा आईचा दुकानाचा पहिला आणि शेवटचा नियम.

"अगं आई, ही काय हेरगिरी आहे का?" उचापत म्हणायची.

"अंग दाखवून बाई उभी राहते माझ्यापुढे," आई म्हणायची. "मी तोंड बंद ठेवायचं, एवढंच तर तिने मागितलेलं असतं."

मग एक दिवस त्या वहीवर चहा सांडला. दाढ विरघळली, कुलूप पसरलं, त्रिकोणाचा झाला डाग. आई डोक्याला हात लावून बसली आणि उचापतीला तर रानच मोकळं मिळालं. तिने ऑर्डरी सांभाळणारं एक फुकटचं प्लगिन शोधलं. प्लगिन म्हणजे वेबसाइटला आयता आणून जोडायचा भाग, तयार कॉलर शर्टाला बसवावी तसा. त्यात प्रत्येक ऑर्डरीला क्रमांक, प्रत्येकीचं नाव, मापं आणि खाली एक चौकट होती, 'खाजगी टीप'.

"खाजगी म्हणजे?" आईने चष्मा वर करत विचारलं.

"म्हणजे फक्त तुला नि मला दिसणार. तुझ्या दाढेपेक्षा सुरक्षित!"

आईने तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि बरं म्हणाली. ते 'बरं' उचापतीला पहिल्या नंबरापेक्षा गोड लागलं. त्या आठवड्यात आईने कानात पुटपुटायचं आणि तिने टाइप करायचं, असं सगळं चढवून झालं. ऑर्डर क्रमांक चाळीस, गणिताच्या बाई, राखाडी कोट. टिपेत तिने आईचे शब्द जसेच्या तसे घातले: 'डाव्या बाजूला छातीशी अस्तराच्या आत दोन बोटं जाड पॅड. ऑपरेशन झालंय. कोणाला बोलायचं नाही.'

टाइप करताना तिची बोटं जरा थांबली होती. बाई रोज फळ्यापुढे ताठ उभ्या राहायच्या, आवाज कसा खणखणीत! ऑपरेशनला तीन वर्षं झाली, तरी शाळेत कोणाला पत्ता नव्हता. आपल्याला आहे, आणि आपण गप्प आहोत, याचा तिला मनातून केवढा अभिमान वाटला. एकदम मोठं झाल्यासारखं.

पण प्लगिनचा रंग मेला मातकट होता. ते उचापतीला कसं चालावं? तिने थेट त्याच्या आतल्या फाइलीत हात घातला. बटणं जांभळी केली आणि माउसच्या बाणाची सुई केली, आणि मग ती वेबसाइट वर्गभर मिरवून आणली. पुढे एकदा प्लगिनची नवी आवृत्ती आली, तिने ती घेतली, तर जांभळं सगळं पुसलं गेलं. पुन्हा मातकट! दोन दुपारी खपून तिने ते परत बसवलं आणि कानाला खडा लावला. म्हणून जेव्हा कोपऱ्यात परत लाल ठिपका आला, तेव्हा तिने 'नंतर' दाबलं. ठिपक्याशेजारी लिहिलं होतं: 'नवी आवृत्ती आली आहे. माहिती उघडी पडण्याचा दोष दुरुस्त केला आहे. लगेच घ्या.' पहिलं वाक्य तिने वाचलं. पुढची दोन वाचायला काय धाड भरली होती, कोण जाणे. दीड महिना ती रोज 'नंतर' दाबत राहिली.

सोमवारी गणिताच्या तासाला फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: २ − १ = ?

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकांवर तर एकमेकींना चिमटे काढणं चाललेलं. उचापतीला वाटलं, पोरांनी बाईंना पहिलीतलं गणित घातलंय, भारी गंमत! बाई आत आल्या, फळ्याकडे बघितलं आणि खडू उचलला.

"एक!" उचापत ओरडली. सगळ्यात मोठ्याने, सगळ्यात आधी. वर्ग असा काही फुटला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले.

बाईंनी प्रश्नचिन्ह पुसलं, तिथे नीट, रेघेवर १ लिहिला आणि चाळीस मिनिटं समीकरणं शिकवली. फक्त त्या दिवशी वर्गाकडे त्यांनी डावी बाजू एकदाही केली नाही.

मधल्या सुट्टीत झिपरीने, म्हणजे तिच्या जिवलग मैत्रिणीने, तिला कोपऱ्यात ओढलं.

"तू कमाल केलीस हां! मला वाटलं, तू तरी गप्प बसशील."

"का? मी काय केलं?"

झिपरीने फोन पुढे केला. चाळीस नंबरची ऑर्डर, जांभळी बटणं. आणि खाली टीप. 'कोणाला बोलायचं नाही' यासकट.

"हे तुला कुठे मिळालं?"

"अगं, माझ्या ड्रेसचं काय झालं ते बघत होते. माझा एक्केचाळीस. वर पत्त्यात आकडा असतो ना, तिथे मी उगाच चाळीस केलं. पासवर्ड नाही, काही नाही. सगळंच दिसतं गं. तुझ्या आईने माझ्याबद्दल 'पोट लपवा' लिहिलंय तेपण दिसलं. थँक्यू हां!"

"आणि हे तू वर्गात पाठवलंस?"

"मी स्क्रीनचा फोटो फक्त एकीला पाठवला," झिपरी म्हणाली. "तिने कोणाला पाठवला ते मला काय माहीत?"

उचापत दप्तर टाकून दुकानात पळाली. आईशी एक शब्द न बोलता तिने लाल ठिपका दाबला आणि स्क्रीनकडे बघत मनात आकडे मोजले. अकरा सेकंद. अकरा सेकंदांत दोष मिटला, जांभळं गेलं, सुईचा परत बाण झाला. पत्त्यात चाळीस घातलं तर आता 'परवानगी नाही' असं यायचं. आणि फोटो मात्र वर्गातल्या छत्तीस फोनांत तसाच.

मग तिने आईला सांगितलं. आई कात्रीने कापड कापत होती, ती खडूची रेघ संपेपर्यंत कापत राहिली. ओरडली नाही. उचापतीने दोनदा "आई, ओरड ना" म्हटलं, तरी नाही.

"बाईंना कळलं असेल का गं?"

"तूच उत्तर दिलंस ना वर्गात," आई म्हणाली.

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई दुकानात आल्या. राखाडी कोट तयार होऊन टांगलेला होता. आई पटकन उठली, पडदा सरकवू लागली.

"राहू द्या ताई, पडदा कशाला?" बाई म्हणाल्या. "काल स्टाफरूममध्येसुद्धा तिघींनी मला तो फोटो दाखवला. काळजीपोटी, हं. एकीने तर कुठल्या बाजूला ते नीट विचारून घेतलं."

"बाई, चूक माझी आहे. मी तुमचं..." आई म्हणाली.

"ते आतलं काढून टाका कोटातलं. आता सगळ्यांना ठाऊकच आहे, तर उगाच ओझं कशाला वागवू?"

आईने कोट उतरवला, उलटा केला, खणातली टाके काढायची उसवणी काढली आणि दोन्ही उचापतीच्या मांडीवर ठेवली.

"उसव. एकही धागा ओढायचा नाही."

उचापतीला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. पण आईने ते पॅड मशीनवर नव्हतं शिवलं, हाताने शिवलं होतं. टाके इतके बारीक की नखाने चाचपावे लागत होते, आणि धागा अस्तराच्याच रंगाचा. पॅडच्या आत कापसाचे एकावर एक पापुद्रे होते, खाली जाड, कडेला पातळ होत गेलेले. हे सगळं कोणालाही कधीही दिसणार नव्हतं, आणि तरी असं केलं होतं. की म्हणूनच. तिचे डोळे भरून आले, पण उसवताना डोळे भरून चालत नाही. तिने बाहीने पुसले आणि पुढचा टाका धरला. बाई समोरच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पेपर तपासून व्हायची वाट बघावी तशा.

पाऊण तासाने बाईंनी कोट अंगात घातला. डावीकडून तो आत पडला. आईचे हात आपोआप पुढे झाले, बोटांत टाचण्यासुद्धा आल्या.

"जरासं आत घेते, म्हणजे नीट बसेल."

"नको ताई. तुम्ही नको." एवढंच म्हणून बाईंनी बटणं लावली.

"बाई," उचापत म्हणाली. "मला तेव्हा माहीत नव्हतं हो. मला वाटलं नुसती गंमत..."

बाई दारात थांबल्या. वर्गात एखादीचं गणित तपासताना बघतात तसं तिच्याकडे बघितलं.

"उत्तर बरोबर होतं तुझं," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

पॅड उचापतीच्या हातातच राहिलं. कुठे ठेवावं तिला कळेना. टाकवेना तर मुळीच.

तेवढ्यात दुसरी एक बाई कापडाची पिशवी घेऊन आली, नवीनच, "ब्लाउजचं माप द्यायचंय" म्हणत. आईने तिला आत घेतलं, पडदा लावला. सवयीने उचापत उठली, पेन उचललं, पडद्याच्या फटीतून आत शिरून कान पुढे केला.

आईने टेप गुंडाळली, वाकून बघितलं. मग वळून कपाटावरून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर काहीतरी चित्र काढायला लागली आणि त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला.

"तू जरा बाहेर बस," आई म्हणाली.