तात्या पास झाले

हे लिहायचंच न्हाई असं ठरवलं हुतं. टाईप केलं, उडवलं, परत टाईप केलं, परत उडवलं. पन सम्राट म्हनला, लिही.

मी भिंगारजवळ एका संशोधनाच्या शेडवर कामाला हाय. काम काय, तर मेंढरांची परीक्षा घ्यायची. पडद्यावर दोन चेहरे येतात. वळखीच्या चेहऱ्याला मेंढीनं नाक लावलं की पेंड पडती. मानसांचा इसरायचा आजार कसा वाढतो, ते म्हनं मेंढीच्या डोक्यातनं कळनार. गावात मला 'मेंढरांचे गुरुजी' म्हनतात.

शेड चालवनाऱ्या मॅडमचा एक नियम लई कडक. परीक्षा चालू असताना खोकायचं न्हाई, मान हलवायची न्हाई, मेंढीकडं बघायचं बी न्हाई. मेंढी आपल्या तोंडावरनं उत्तर काढती. मागं मी नुसता पाय हलवला, तर मॅडमनी आख्ख्या दिवसाचं काम रद्द केलं.

सम्राट माझा दोस्त. त्याचे वडील रंभाजी, आमी तात्या म्हनतो. तात्या आजकाल घरचा रस्ता चुकतात, चहा पिऊन परत चहा मागतात. आजार आत्ताच सापडला तर गोळ्यांनी थोडा थोपवता यील, असं मॅडम म्हनल्या. त्यांनीच नगरच्या एका दवाखान्यात नंबर लावून दिला.

आन् आमी काय केलं? तयारी करून घेतली.

"आवं, आज वार कोन्ता?" सम्राटची आई, विमलकाकू, भाकरी थापता थापता इचारायच्या.

"तुज्या बापाचा!"

"नीट सांगा. डॉक्टरनं येडं ठरवलं तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

जायच्या दिवसापर्यंत हेच. सम्राट वार-महिने घोकून घ्यायचा, मी चित्रं. दवाखान्यात आमी तिघं बी आत घुसलो. डॉक्टर मान खाली घालून कम्प्युटरवर टाईप करत हुते.

"महिना कोणता चालू आहे?"

काकू पदराआडनं पुटपुटल्या. घड्याळाचं चित्र आलं, तर सम्राटनं मनगट खाजवलं. शेवटी मगाशी सांगितलेले शब्द आठवायचे हुते. तात्या 'चेंडू'पाशी अडले. मी, मेंढरापुढं रोज दगडासारखा उभा ऱ्हानारा मानूस, मूठ गोल करून दाखवली.

"चेंडू!" तात्या वरडले.

"छान," डॉक्टर म्हनले. "काही नाही, वयाचं आहे."

काकूंनी पेढे घेतले. स्टँडवर तात्यांनी पेढा तोंडात टाकला, सम्राटकडं बोट केलं आन् मला इचारलं, "ह्यो पोरगा सकाळधरनं आपल्या संगं फिरतोय. कोनाचा रं?"

सम्राटनं ऐकलं. काकूंनी बी ऐकलं. "दमल्यात," म्हनल्या आन् पेढ्याचा बॉक्स मिटला.

सम्राट उठून रसवंतीच्या मागं गेला. मी बी गेलो.

"आपनच पास केलं रं त्यांना," तो म्हनला. "आता गोळी कोन दील?"

"सोमवारी परत न्यू. डॉक्टरला मीच सांगतो कॉपी झालती म्हनून. काकूंना काय बोलायचं ते मला बोलू द्यात. आन् आत तात्या एकटे जातील. दारात मी उभा ऱ्हातो, तुला बी आत सोडनार न्हाई. शब्द हाय आपला."